तालीम हेच ज्यांचं संशोधन, त्यांनी निधी कुठे शोधावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बडोद्यात नाट्यविषय शिकवता. वय ३६, नोकरीला पाच वर्षं झाली. नारदीय कीर्तन आणि माणभट्टांचं, म्हणजे गुजरातेत धातूचं भांडं वाजवत कथा सांगणाऱ्यांचं, आख्यान शेजारी ठेवून तुम्हाला एक प्रयोग बांधायचा आहे आणि त्याच्या तालमींतूनच संशोधन करायचं आहे. दोन अर्ज फेटाळले गेले. संशोधनाला पैसे देणाऱ्यांनी कळवलं, हा नाटकाचा प्रकल्प दिसतो. कलेला पैसे देणाऱ्यांनी कळवलं, हा प्रबंधाचा विषय दिसतो. म्हणून तुम्ही विचारताय की अशा कामाला पैसे, मोकळा वेळ आणि राहून काम करायला जागा देणारं कोणी आहे का.

आहेत, आणि बऱ्यापैकी आहेत. पण तुमचं सगळं काम एकटा कोणी उचलेल अशी आशा सोडा. चौकशी एकच ठेवा आणि तिचे तुकडे वेगवेगळ्या दारांत न्या. मला हे कळायला फार वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझा पहिला अर्ज अठरा पानांचा होता. बारा पानं भरतापासून आजपर्यंतच्या सिद्धान्तांची, पाच पानं मी केलेल्या नाटकांची. नक्की काय शोधणार आहे ते एका परिच्छेदात, तेही शेवटून दुसऱ्या पानावर. परत आला. पुढे मी स्वतः काही निवड समित्यांवर बसले तेव्हा दिसलं की वाचणाऱ्यासमोर एका दिवसात तीस-चाळीस अर्ज असतात. पहिल्या पानावर प्रश्न सापडला नाही तर तो पुढे शोधत बसत नाही. शीर्षक बघून तो अर्जाला एका खान्यात टाकतो आणि त्या खान्याच्या मापाने मोजतो. तुमच्या दोन्ही अर्जांचं तेच झालं असावं. तुम्ही पाठवलेलं शीर्षक 'कीर्तन व आख्यान यांतील साम्यभेदांचा सादरीकरणाच्या अंगाने अभ्यास' असं आहे. हे वाचून मलाही ग्रंथालयातलं टेबल दिसलं, तालमीची खोली दिसली नाही.

मराठीत आपल्याला एक सोय आहे. नाटकाचाही प्रयोग होतो आणि प्रयोगशाळेतही प्रयोगच होतो. इंग्रजीत अर्ज लिहायला बसलं की ही सोय हातची जाते, कारण तिथे दोन्हींना वेगळे शब्द आहेत, आणि समितीला वाटतं की या बाईंना कार्यक्रम करायला पैसे हवेत. म्हणून आधी मराठीत लिहा. जे तालमीत उभं राहिल्याशिवाय कळणारच नाही, असं काय आहे तुमच्या कामात? तेवढंच लिहा.

तुमच्याच विषयात ते आहे, आणि फार सुंदर आहे. माणभट्ट बसून सांगतो. पुढ्यात तांब्याची माण, बोटांत अंगठ्या, म्हणजे कथा आणि ताल दोन्ही एकाच माणसाच्या हातात. कीर्तनकार उभा असतो. त्याच्या हाती झांज किंवा चिपळ्या असल्या तरी मागे पेटी-तबला असतो, म्हणजे निम्मा ताल दुसऱ्याकडे सोपवलेला. सुदाम्याची कथा दोन्हीकडे आहे. जुने गुजराती कवी प्रेमानंद यांच्या आख्यानात ती कडव्यांतून जाते, प्रत्येक कडव्याच्या शेवटी वलण, म्हणजे पुढे वळवणारी ओळ, येते. कीर्तनाच्या उत्तररंगात, म्हणजे कथेच्या भागात, तीच कथा साकी, दिंडी, आर्या अशा वृत्तांची वळणं घेत जाते. आता एकाच नटाने तोच प्रसंग एकदा बसून, माण वाजवत सांगितला आणि एकदा उभं राहून, साथीदारांच्या भरवशावर सांगितला, तर श्वास कुठे पडतो? सांगणारा कथा थांबवून श्रोत्यांशी बोलायला केव्हा वळतो? ताल स्वतःकडे असताना तो जास्त थांबतो की कमी? याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. ते मिळालं तर कथनाचा अभिनय शिकवण्याची आपली पद्धत बदलू शकते. हा शंभर-सव्वाशे शब्दांचा मजकूर पहिल्या पानावर, पहिल्या परिच्छेदात घाला. मग कोणी म्हणणार नाही की हे नुसतं नाटक आहे, आणि हा लेखी प्रबंध आहे असंही म्हणता येणार नाही. मात्र उत्तर काय निघेल ते आधीच लिहून टाकू नका. अनुभवी परीक्षकाला ते लगेच खटकतं, कारण उत्तर माहीत असेल तर तालमीला पैसे कशाला?

आता तुकडे. मला तुमच्या कामात चार दिसतात: जुनी कागदपत्रं, जाणत्या कलाकारांकडे बसून शिकणं, प्रत्यक्ष तालमी, आणि शेवटी लेखन. चौघांना लागणारा पैसा वेगळा, वेळ वेगळा, देणारेही वेगळे.

कागदपत्रांचा तुकडा बडोद्यात बसून करता येतो, आणि तुमच्या अर्जाला सर्वात जास्त वजन त्यानेच येईल. कोठीतल्या अभिलेखागारात गायकवाडी सरकारची दप्तरं आहेत, त्यांतली कितीतरी मोडी लिपीत. 'कलावंत कारखाना' हे संस्थानाचं स्वतंत्र खातंच होतं. गवई, वादक, नर्तकी यांचा सगळा हिशेब तिथे. १८८० साली सयाजीरावांचं तंजावरच्या राजकन्येशी लग्न झालं तेव्हा तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्याला आले आणि दरबाराच्या पदरी राहिले. भरतनाट्यम् बडोद्यात रुजलं ते त्या लग्नापासून. दिल्ली-बंगळुरूच्या समितीला हे माहीत नसतं. कीर्तनकारांना आणि आख्यानकारांना दरबारातून काही मिळत असे का, कोणत्या सणाला, किती, हे त्या दप्तरांत शोधणारा अर्जदार त्यांना क्वचितच भेटेल. मोडी येत नसेल तर मोडी वाचणाऱ्याचं मानधन अंदाजपत्रकात सरळ दाखवा. ते कोणी कापत नाही, असा माझा अनुभव आहे. बडोद्याच्याच प्राच्यविद्या मंदिरात जाऊन बसा. अभिनवगुप्तांच्या टीकेसह नाट्यशास्त्र १९२६ पासून याच संस्थेच्या गायकवाड ग्रंथमालेत छापलं गेलं, आणि तिथल्या हस्तलिखितांच्या सूचीत आख्यानांचा शोध घेण्यासारखा आहे.

तुमच्या पद्धतीवर कोणी प्रश्न विचारला तर उत्तरही याच शहरात आहे. १८८६ मध्ये गायनशाळा निघाली, तिथे दरबारचे गवई मौलाबक्ष यांनी स्वतः तयार केलेली स्वरलेखनपद्धती वर्गात शिकवली. १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरली. श्रुतींवरचे वाद तिथे नुसते कागदावर राहिले नाहीत, वाद्यं आणि गळे समोर ठेवून ऐकले गेले. प्रत्यक्ष करून दाखवलेली गोष्ट पुरावा मानायची, ही रीत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी चालत होती. हे दोन-तीन वाक्यांत लिहा. मी माझ्या एका अर्जात लिहिलं होतं, आणि मुलाखतीत अर्धा वेळ त्यावरच बोलणं झालं.

पैशांच्या आधी रजेचं बोलायला हवं. आपले लोक इथेच चुकतात. निधी मंजूर होतो आणि विभागप्रमुख म्हणतात, परीक्षेच्या हंगामात सोडता येणार नाही. माझ्या एका सहकाऱ्याची तीन महिन्यांची रेसिडेन्सी, म्हणजे राहून काम करायची संधी, अशीच गेली, ते अजून आठवलं की वाईट वाटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सॅबॅटिकल, म्हणजे संशोधनासाठीची मोठी रजा, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांसाठी आहे, तेही सात वर्षांच्या सेवेनंतर. तुम्ही सहायक प्राध्यापक असाल तर तुमच्या कामाची अभ्यासरजा. तिची पात्रता, बंधपत्र आणि सेवेच्या अटी आस्थापना विभागातून लेखी घ्या. अमेरिकेत जाण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरूसारख्या योजनांत अर्जाच्या वेळीच मालक संस्थेला लिहून द्यावं लागतं की निवड झाली तर रजा देऊ. तेव्हा विभागप्रमुखांकडे 'मला पैसे मिळणार आहेत' असं सांगत जाऊ नका. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक घेऊन जा आणि तुमचे तास कोण घेईल तेही ठरवून जा.

आता दारं. देशातल्या दारांत मी पहिलं नाव घेईन बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं. १९९३ मध्ये स्थापन झालेली ही स्वतंत्र संस्था आहे. त्यांच्याकडे कलासंशोधन आणि कलाव्यवहार (म्हणजे प्रत्यक्ष कला करणं) असे वेगळे कार्यक्रम आहेत. तुमचा अडकलेला अर्ज याच दोहोंच्या मधला आहे. तिथे एकच करा: दोन्ही कार्यक्रमांच्या सूचना नीट वाचा आणि तुमचा भर कुठे आहे ते ठरवा. माझ्या मते तो व्यवहाराच्या बाजूला आहे, कारण प्रश्न तालमीतून सुटणार आहे. भारतीय भाषांतून लिहिलेल्या प्रस्तावांचं ते स्वागत करतात. मराठीत विचार नीट येत असेल तर मराठीतच लिहा. कच्चा विचार घेऊन आधी त्यांच्याशी बोललेलं चालतं आणि मी ते करायचा आग्रह धरते, कारण बोलण्यातून प्रश्न टोकदार होतो. त्यांनी पैसे दिलेल्या कामाची सामग्री त्यांच्या संग्रहात जाते. कलाकारांशी बोलताना हे पहिल्या दिवशीच सांगा.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या फेलोशिप दुसऱ्या. कनिष्ठ फेलोशिप २५ ते ४० वयासाठी, महिना १०,००० रुपये. चाळिशीनंतर ज्येष्ठ, महिना २०,०००. दोन्ही दोन वर्षांच्या. तुम्ही सध्या कनिष्ठमध्ये बसता आणि हातात चारच वर्षं आहेत. रक्कम पाहून नाक मुरडू नका. दोन वर्षांत २,४०,००० रुपये होतात, आणि कागदपत्रांचा तुकडा अधिक माणभट्टांकडे-कीर्तनकारांकडे जाणं-येणं एवढं त्यात बसू शकतं. पैसा हप्त्यांनी आणि अहवाल पाहून येतो, म्हणून पहिले काही महिने पदरचे खर्च करायची तयारी ठेवा. नोकरदारांनी अर्ज संस्थेमार्फत, ना-हरकत पत्रासह पाठवावा. मुदत संपायच्या आदल्या दिवशी रजिस्ट्रार कार्यालयात सही मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा.

त्याच मंत्रालयाची टागोर राष्ट्रीय फेलोशिप मोठी आहे: महिना ८०,००० रुपये, आणि संशोधकांसाठीच्या तिच्या शिष्यवृत्तीत ५०,०००. पण ती एखाद्या संग्रहालयाशी, अभिलेखागाराशी किंवा संस्थेशी जोडलेली असते आणि तिथल्या संग्रहावर काम करणं अपेक्षित असतं. पूर्ण वेळ द्यावा लागतो. हे काम मार्गी लागल्यावर, पुढच्या टप्प्यासाठी तिचा विचार करा. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राचं प्रादेशिक केंद्र बडोद्यातच आहे. तिथल्या लोकांशी आत्तापासून ओळख ठेवलेली बरी.

आयसीएसएसआरकडे, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे, जाऊ नका, निदान या प्रश्नासह तरी नको. त्यांना समाजशास्त्राचा प्रश्न हवा. कीर्तनाला आणि आख्यानाला कोण बसतं, कोणत्या जातीची माणसं, देवळात की चौकात, मराठी घरं आख्यानाला जातात का, गुजराती घरं कीर्तनाला येतात का, हा वेगळा आणि चांगला प्रकल्प आहे. पण तो लिहायचा म्हणून शरीराचा आणि तालाचा प्रश्न मोडून-वाकवून तिथे बसवलात तर दोन वर्षं तुम्ही प्रश्नावल्या भरत राहाल आणि तालीम राहून जाईल. मी हे होताना पाहिलं आहे.

बाकीची देशी दारं पटकन सांगते. अमूर्त वारशाच्या जतनासाठी मंत्रालयाची २०१३ पासूनची योजना आहे, संगीत नाटक अकादमीकडून चालते. माणभट्टांच्या नोंदीकरणाचा भाग तिथे मागता येईल. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कक्षेत गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही येतात, त्यामुळे दोन भाषांचा कार्यक्रम त्यांना सांगायला सोपा. मंत्रालयाचं सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मितीचं अनुदान संस्थेच्या नावाने असतं, व्यक्तीच्या नाही, म्हणून एखादा ट्रस्ट किंवा विद्यापीठच अर्जदार हवं. आणि तुमच्याकडे पूर्णवेळ पीएचडी करणारे विद्यार्थी असतील तर त्यांना गुजरात सरकारच्या 'शोध' योजनेचं सांगा: महिना १५,००० आणि वर्षाला २०,००० रुपये आनुषंगिक खर्चासाठी. एका विद्यार्थ्याने मोडी दप्तरांवर काम केलं तर तुमचाच प्रकल्प भक्कम होतो.

रेसिडेन्सीबद्दल तुम्ही खास विचारलंय. बडोद्यात स्टुडिओ आणि निवास आहेत, पण ते बहुतेक चित्रकार-शिल्पकारांसाठी. आपल्याला जे लागतं ते वेगळं आहे. मोकळी जमीन, पाय आपटला तरी खालच्या मजल्यावरचा माणूस वर येणार नाही अशी जागा, रात्री दहानंतर माण वाजवली तर चालेल असा शेजार. पुदुच्चेरीजवळ वीणापाणी चावलांनी उभं केलेलं आदिशक्ती हे त्यासाठी उत्तम ठिकाण आहे. तिथे शरीर, श्वास आणि ताल यांवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे, आणि तुमचा प्रश्न श्वासाचाच आहे. कर्नाटकातल्या हेग्गोडूचं नीनासम् वेगळ्या कारणासाठी सांगते. एका खेडेगावात १९४९ पासून नाटक, वाचन आणि गावकरी प्रेक्षक एकत्र कसे नांदतात ते तिथे राहून बघायला मिळतं. कथनपरंपरेवर काम करणाऱ्याने ते बघावंच.

कुठेही जायच्या आधी चार गोष्टी लेखी विचारा. जागा दिवसाचे किती तास तुमची? बरोबर कलाकार आणता येतात का, आणि त्यांच्या राहण्या-जेवणाचं काय? भत्ता एकट्याचा की सगळ्यांचा? शेवटी प्रयोग दाखवणं सक्तीचं आहे का? दुसऱ्या प्रश्नावर फार अडतं. तुमच्याबरोबर सत्तरीचे बुवा येणार असतील तर त्यांना खालच्या मजल्यावरची खोली लागेल, साधं जेवण लागेल, सकाळी पूजेला जागा लागेल. रेसिडेन्सीचे अर्ज बहुतेक एकट्या तरुण कलाकाराला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. जिथे हे जमणार नाही तिथे बुवांना नेऊ नका. त्यापेक्षा पंधरा दिवस त्यांच्या घराजवळची एखादी शाळा सुट्टीत भाड्याने घ्या. अशी 'घरची रेसिडेन्सी'ही अर्जात मांडता येते, आणि खर्चही कमी येतो.

लेखनाच्या तुकड्यासाठी सिमल्याची भारतीय उच्च अध्ययन संस्था. १९६५ पासूनची, जुन्या व्हाइसरॉयच्या वाड्यात. फेलोला राहायला जागा, ग्रंथालय आणि शांतता मिळते, बदल्यात शेवटी पुस्तकाची संहिता द्यावी लागते. तिथे तालीम करायला जाऊ नका, तालमी संपवून वह्या आणि ध्वनिमुद्रणं घेऊन जा. एवढी लांब रजा मिळत नसेल तर तिथल्याच आंतर-विद्यापीठ केंद्राची असोसिएटशिप बघा, मात्र ती सध्या चालू आहे का ते आधी विचारा. शिक्षकांसाठीच आहे. तीन वर्षांत दरवर्षी एकेक महिना जाऊन राहता येतं, आणि उन्हाळी सुट्टीत बसवता येतं. कित्येक शिक्षकांना ही सोय ठाऊकच नसते.

परदेशाचं माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी नको. तुमची माणसं, तुमची देवळं, तुमची दप्तरं सगळी इथे आहेत. हातात तालमींची वर्षभराची नोंद आली की मग जा, आणि जायचं कारण नेमकं असू द्या. ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांत सादरीकरणातून पीएचडी करायची पद्धत रुळलेली आहे. असं काम कसं तपासतात, परीक्षक तालमीला येतो की नुसतं चित्रीकरण बघतो, हे बघायला चार आठवडे पुरतात. त्यासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे, पण तिथल्या यजमान संस्थेचं पत्र आधी हवं. ते पत्र मिळवायला सहा महिने धरा. एशियन कल्चरल कौन्सिल आशियातल्या कलाकारांना आणि अभ्यासकांना अमेरिकेत किंवा आशियातच प्रवासासाठी मदत करते. इंडोनेशियाच्या किंवा जपानच्या कथनपरंपरा बघायच्या तर ते दार. स्वतःचे प्रयोग लावायला ते पैसे देत नाहीत. प्रो हेल्वेशिया या स्विस कलासंस्थेचं दिल्ली कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये छोटे संशोधन-प्रवास आणि रेसिडेन्सी देतं. इटलीतलं बेलाजिओ आणि फ्रान्समधलं कामार्गो ही अभ्यासक आणि कलाकार दोघांनाही घेणारी निवासस्थानं आहेत, पण तिथे स्पर्धा फार आणि नाव झालेली माणसं जास्त. फुलब्राइट-नेहरूत शिक्षकांसाठी वेगळी फेलोशिप आहे. त्या व्हिसाला दोन वर्षं मायदेशी परतून राहण्याची अट असते, हे घरच्यांशी आधी बोला. आणि परदेशी पैसा तुमच्या विभागाच्या किंवा ट्रस्टच्या खात्यात यायचा असेल तर सहसा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर निधी मंजूर होऊनही घेता येत नाही. लेखा विभागात हे आधी विचारा.

अंदाजपत्रकाकडे मी सर्वात आधी बघायचे. तिथे माणूस कळतो. समजा २० तालमी, प्रत्येकी चार तास, दोन ज्येष्ठ कलाकार, तीन नट, एक पेटीवाले, एक तबलजी. ज्येष्ठांना तालमीमागे २,००० रुपये धरले तर दोघांचे ८०,००० होतात. ही ओळ पहिली लिहा. अनेक अर्जांत कॅमेऱ्याला ६०,००० आणि ज्यांच्या गळ्यावर सगळं संशोधन उभं आहे त्यांना 'शाल-श्रीफळ' असतं. मी अशा अर्जांना कधीही पूर्ण गुण दिले नाहीत. चित्रीकरण रोजचं नको. रोज साधं ध्वनिमुद्रण आणि तालीमवही, पाच दिवस चांगला कॅमेरावाला, एवढं पुरतं. दोन हार्ड डिस्क घ्या, दोन वेगळ्या घरांत ठेवा. माझ्या एका प्रकल्पाच्या चाळीस तासांच्या नोंदी एकाच डिस्कवर होत्या आणि ती पावसाळ्यात बंद पडली. परत काही मिळालं नाही. ध्वनिमुद्रणाचं लिप्यंतर हा खर्च सगळे विसरतात. एका तासाला सहा-सात तास सहज जातात, आणि दोन भाषा असतील तर जास्तच. रिक्षा, चहा-नाश्ता, जागेचं भाडं, माणेचा कल्हई-दुरुस्तीचा खर्च, सगळं लिहा. खरं लिहिलेलं अंदाजपत्रक ओळखू येतं.

परवानगीचं. कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर कायद्याने हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे तो ५० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रण कुठे ठेवणार, कोण ऐकणार, वर्गात वापरणार का, इंटरनेटवर टाकणार का, हे एका पानावर मराठीत आणि गुजरातीत लिहून, वाचून दाखवून सही घ्या. एक प्रत त्यांच्याकडे राहू द्या. त्यांच्या घरातलं आख्यान त्यांच्या नातवंडांना ऐकायला मिळालं पाहिजे, एवढी अट मी नेहमी स्वतःहून घालत आले.

प्रसिद्धीची काळजी तुम्हाला पदोन्नतीमुळे आहे, ती रास्त आहे. नुसता लेख लिहिला तर आवाज हरवतो. 'जर्नल फॉर आर्टिस्टिक रिसर्च' हे २०११ पासून निघणारं नियतकालिक ध्वनी, चित्रफीत आणि मजकूर एकत्र मांडलेलं काम परीक्षकांकडून तपासून प्रसिद्ध करतं. त्यासाठीचं रिसर्च कॅटलॉग नावाचं व्यासपीठ मोफत आहे. तिथली दहा-बारा कामं बघून घ्या. आपली तालीमवही कशी ठेवायची हे त्यातून आपोआप सुचेल. सोबत मराठीत एक लेख लिहाच. कीर्तनकार मंडळींना तो वाचता आला पाहिजे.

क्रम मी असा ठेवेन. या दिवाळीच्या सुट्टीत अभिलेखागारात आठ दिवस आणि बुवांकडे-माणभट्टांकडे चार-चार बैठका, स्वतःच्या खर्चाने. त्यातून दहा मिनिटांचा ध्वनिनमुना तयार होईल: सुदाम्याचा एकच प्रसंग, एकदा बसून, एकदा उभ्याने. मग बंगळुरूला बोलणं, आणि कनिष्ठ फेलोशिपची जाहिरात आली की तो अर्ज. दोन्हीकडे एकच मजकूर पाठवू नका, प्रत्येकाला त्याचाच तुकडा. आणि दुसऱ्या अर्जाचा उल्लेख दोन्हीकडे उघड करा. लपवलेलं कळतं. आधीच्या दोन नकारांची कारणं लेखी मागितलीत का? मागा. काही संस्था दोन ओळी तरी लिहितात, आणि त्या दोन ओळी पुढच्या अर्जाला उपयोगी पडतात.

प्रश्नाचं ते एक पान लिहून झालं की समितीच्या आधी कलाकारांना वाचून दाखवा. माझ्या दुसऱ्या अर्जाच्या वेळी भवाई या गुजराती लोकनाट्यातल्या एका वयस्क कलाकाराच्या ओट्यावर बसून मी माझं पान त्यांना गुजरातीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'बेन, आमां मारे क्यां ऊभा रहेवानुं?' यात मी उभं कुठे राहायचं? पानभर मजकुरात त्यांना जागाच नव्हती. त्यांच्या जवळचं ज्ञान होतं, पण ते स्वतः नव्हते. घरी येऊन मी पान नव्याने लिहिलं. तिसऱ्या ओळीत त्यांचं नाव, तालमीतलं त्यांचं काम आणि त्यांचं मानधन घातलं, आणि तसाच अर्ज पाठवला.